बुधवारचा दीड तास

“मागच्या महिन्याच्या बारा तारखेला, दुपारी चार वाजता तुम्ही कुठे होतात?”

रजिस्टरमधून मान वर न करता मी विचारलं. समोरच्या स्टुलावर मच्छिंद्र खिलारे गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता. असा प्रश्न आला की कुठलाही सरळ माणूस डोकं खाजवतो, छताकडे बघतो, ‘आता काय सांगू’ म्हणतो. मच्छिंद्रने तेवढाही वेळ घेतला नाही.

“बारा तारखेला शनवार हुता बाई. चार वाजता शेख मास्तरांच्या दारात हुतो, स्टो आणाया ग्येलतो. मास्तरीणबाईंस्नी टाइम इचारला. त्या म्हनल्या, चारला पाच कमी.”

“आणि एकवीस तारखेला? सकाळी अकरा?”

“एसटी स्टँडवर, माज्या जाग्यावर. कंट्रोलरसायबास्नी टाइम इचारला. त्ये वराडले माज्यावर. म्हनले, एवडं मोट्टं घड्याळ टांगलंय, दिसत न्हाय व्हय रं?”

मी दोन्ही उत्तरं लिहून घेतली. लिहिता लिहिता नजर त्याच्या डाव्या मनगटावर गेली. सदऱ्याची बाही जरा वर सरकली होती आणि खाली स्टीलच्या पट्ट्याचं घड्याळ होतं. पेन पाडून ते उचलायच्या निमित्ताने मी वाकले आणि नीट पाहून घेतलं. घड्याळ चालू होतं. माझ्या घड्याळाशी मिनिटाचाही फरक नव्हता.

हातात चालू घड्याळ असलेला माणूस गावभर लोकांना वेळ का विचारत फिरतो? त्या दिवशी तो गेल्यावर मी हाच प्रश्न रजिस्टरच्या कडेला लिहिला आणि त्याखाली दोन रेघा मारल्या.

ही चौऱ्याण्णव सालची गोष्ट. मी तेव्हा हिंगणपूरला परिवीक्षा अधिकारी होते. हा शब्द गावाच्या तोंडात बसत नसे, म्हणून लोक मला ‘प्रोबेशनबाई’ म्हणत. वैजयंती ढोबळे हे नाव फक्त पगारपत्रकावर उरलं होतं. काम असं की, एखाद्यावर गुन्हा शाबीत झाला, पण याला तुरुंगात घालून आणखी बिघडवण्यापेक्षा बाहेर ठेवून सुधारता येईल असं न्यायाधीशांना वाटलं, तर ते मला त्याची चौकशी करून अहवाल द्यायला सांगत. अहवाल बरा असला की तो माणूस चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सुटायचा आणि मुदत संपेपर्यंत माझ्या देखरेखीखाली राहायचा. त्याला कामधंद्याला लावणं, घरी जाऊन बघणं, महिन्याच्या पहिल्या सोमवारी हजेरी घेणं, हे सगळं माझ्याकडे. हमी मोडली की तो परत कोर्टात आणि तिथून थेट आत.

मच्छिंद्र असाच सुटलेला. बाविसाव्या वर्षी एका घरफोडीत त्याने तीन वर्षं आत काढली होती. पुढे आठ वर्षांनी चोरीच्या सायकलीसकट सापडला. फौजदार जगदाळ्यांचं म्हणणं होतं, हा सुधारणाऱ्यातला नाही. मी अहवालात लिहिलं की आहे. न्यायाधीशांनी माझं ऐकलं, दोन वर्षांची हमी घेतली, आणि जगदाळे माझ्याशी महिनाभर तिरके बोलत राहिले. तुरुंगात असताना मच्छिंद्र स्टो दुरुस्त करायला शिकला होता. एका योजनेतून मी त्याला हत्यारांची पेटी मिळवून दिली आणि एसटी स्टँडच्या भिंतीला बसायला जागा. दहा महिने सरले होते, चौदा राहिले होते.

पहिल्याच दिवशी मी त्याला म्हटलं होतं, “पाळत ठेवणं हे पोलिसांचं काम. मी तुमच्याकडे येईन ती पुढच्या दाराने, हाक मारून.” हे बोलताना मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं.

आता खरं सांगायचं तर संशय घेणं हा माझा अंगचा गुण. दूधवाला दुधात पाणी घालतो एवढं कळलं की इतर बायकांचं भागतं. तो पाणी कुठल्या आडाचं घालतो ते बघायला मी जायची. त्यात वय एकतीस, लग्न झालेलं नाही, गाव परकं, खोली भाड्याची. संध्याकाळी करायला दुसरं काही नसे. त्या सोमवारी मी मच्छिंद्रच्या दहा महिन्यांच्या नोंदी घरी नेल्या आणि चहा घेत वाचायला बसले.

वाचता वाचता माझा चहा निवून गेला. दहा महिन्यांतला त्याचा जवळजवळ प्रत्येक तास कुणी ना कुणी पाहिला होता. आठ वाजता पानवाला, साडेनऊला पोस्टमन, एक वाजता देवळातला गुरव. इतके दिवस मला वाटायचं, बिचारा किती मन लावून हिशेबात राहतो. आता वाटलं, ही तयारी आहे. आणि एवढ्या गच्च विणीत एकच भोक होतं. दर बुधवारी, दुपारी तीन ते साडेचार. तिथे ना पानवाला, ना पोस्टमन.

बुधवार हा हिंगणपूरच्या बाजाराचा दिवस. आसपासच्या बावीस खेड्यांतल्या बायका बाजाराला येताना बिघडलेले स्टो घेऊन येत आणि जाताना दुरुस्त झालेले घेऊन जात. स्टोवाल्याने त्या दिवशी जेवायलाही उठू नये. आणि हा भर बाजारात पेटीला कुलूप घालून दीड तास नाहीसा होत होता.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या घरी गेले, पुढच्या दाराने, हाक मारून. तो कामावर होता, हे मला माहीतच होतं. त्याची बायको सुभद्रा भाकरी थापत होती.

“बाजारच्या दिवशी दुपारी मालक कुठे जातात हो?” मी चुलीपुढे बसत विचारलं.

“गिऱ्हाइकाकडं जात्यात. वरच्या आळीला.” तिचा हात परातीत थांबला. “का वो बाई? काय झालंय का?”

“काही नाही. सहज.”

“तुमी सहज इचारत न्हाय बाई.” तिने पिठाचा हात तसाच छातीशी धरला. “त्येंनी काय केलंय का? परत आत न्याचं न्हाईत न्हवं त्येंस्नी? चौदा म्हयनं ऱ्हायल्यात. म्या बोटावर मोजतीया.”

मी तिची समजूत काढली आणि भाकरीचा तुकडा खाऊन निघाले. पण परतताना स्टँडवर थांबून मी हाच प्रश्न मच्छिंद्रला विचारला, तेव्हा तो म्हणाला, “हितंच. जरा पाय मोकळं कराया.” बाईला एक सांगितलं आणि बायकोला दुसरं. माझ्या स्वभावाच्या माणसाला याहून जास्त काय लागतं?

बुधवारी पावणेतीनला मी शिपायाला ‘गृहभेट’ असं सांगून छत्री घेतली आणि स्टँडसमोरच्या कापडाच्या दुकानात उभी राहिले. तीनला दोन मिनिटं कमी असताना मच्छिंद्रने पेटी बंद केली आणि चालायला लागला. बाजारातून, जिनिंग फॅक्टरीच्या मागून, गाडीवाटेने गावाबाहेर. फॅक्टरीच्या कोपऱ्यावर त्याने दोनदा मागे वळून पाहिलं. दोन्ही वेळा मी भिंतीवरची बियाण्याची जाहिरात वाचत होते. छत्री तोंडावर ओढून एवढ्या मन लावून बियाण्याची जाहिरात वाचणारी बाई हिंगणपुरात दुसरी झाली नसेल.

तो गेला जुन्या खाणीवर. दगड काढून काढून तिथे झरा लागला होता, खाण पाण्याने भरली होती. काही वर्षांपूर्वी तिथे कुणी बुडालं होतं आणि तेव्हापासून गाव तिकडे फिरकत नव्हतं. काठाला घाणेरीचं रान माजलं होतं. मी त्यात घुसले आणि बसले. हाताला काटे लागले ते कळलंही नाही. या पाण्यात माल लपवलाय, मी स्वतःशी म्हटलं. सापडला!

मच्छिंद्रने सदरा काढला, पँट काढली, दोन्हींची नीट घडी घातली, वर घड्याळ ठेवलं आणि त्यावर दगड. मग त्याने उडी मारली आणि तो दिसेनासा झाला. मी आपसूक माझाही श्वास धरून ठेवला होता. बऱ्याच वेळाने तो मधोमध वर आला. हात रिकामे होते. तो उताणा झाला, हातपाय सोडले आणि तसाच पाण्यावर पडून राहिला.

एवढंच. पुढची चाळीस मिनिटं त्याने काहीसुद्धा केलं नाही. मी डोळे फाडून बघत होते आणि तो पाण्यावर पडून होता. नंतर काठावर येऊन अंग वाळवलं, कपडे घातले आणि चालू लागला. फॅक्टरीच्या फाटकाशी पोचला तेव्हा त्याने वॉचमनला विचारलं, “किती वाजले वो?”

मी रजिस्टरमध्ये लिहिलं, ‘खाणीवर जातो. हेतू कळत नाही. संशय कायम.’

पुढच्या बुधवारी मी त्याच्या आधीच जाऊन बसले. बुडी मारायची जागा तीच असते का, ते मला बघायचं होतं. जागा वेगळी होती, हात रिकामेच होते, आणि तो तसाच उताणा पडून राहिला. तिसऱ्या बुधवारी मी कशाला गेले ते मला आजही धड सांगता येत नाही. लिहिलं तेव्हा ‘संशय कायम’ असंच लिहिलं. पण त्या उन्हात, त्या काट्यांत बसून एका माणसाला काहीही न करताना बघण्यात मला बरं वाटत होतं, हे खरं. त्याला पुढे येऊन हाक मारावी असंही तिन्ही वेळा मनात आलं आणि तिन्ही वेळा मी मारली नाही.

त्या तिसऱ्या बुधवारी मी पाचच्या सुमाराला परतले तर निकम वकिलांच्या घरापुढे गर्दी होती. वकील कोर्टात, घरची माणसं बाजारात, आणि तेवढ्यात कुणीतरी मागचं कुलूप तोडून कपाटातल्या पाटल्या आणि बोरमाळ नेली होती. सहा वाजायच्या आत जगदाळ्यांनी मच्छिंद्रला स्टँडवरून उचललं. गाव म्हणालं, आम्हाला वाटलंच होतं.

मी मात्र त्या संध्याकाळी खोलीचं दार लावून बसले आणि सुईने हातातले काटे काढत राहिले. पोलीस स्टेशनला गेले नाही. गेले असते तर मला काय बोलावं लागेल ते मला स्वच्छ दिसत होतं. आणि तेच नको होतं.

सकाळी जगदाळ्यांचाच निरोप आला.

“या ढोबळे मॅडम, या. तुमच्या शिष्याचा निकाल लागला.” जगदाळ्यांनी स्वतः उठून खुर्ची पुढे केली. त्यांच्या टेबलापासून कोठडी जेमतेम पंधरा पावलांवर होती, पण भिंत आड असल्याने आतलं माणूस दिसत नव्हतं.

“माल सापडला का?” मी विचारलं.

“सापडेल.”

“मग पुरावा काय?”

“बावीस वर्षांची नोकरी झाली, मॅडम. एक सांगतो. सरळ माणसाला साक्षीदार नसतात. तुम्हीच सांगा, गेल्या मंगळवारी दुपारी तुम्हाला कुणी पाहिलं? ह्याला प्रत्येक तासाला कुणीतरी पाहिलंय. मी कालच चौकशी केली. पानवाला, पोस्टमन, कंट्रोलर, सगळे सांगतात, आला होता, वेळ विचारत होता. फक्त काल तीन ते साडेचार कुणी पाहिलं नाही. आणि निकमांच्या शेजारणीने कुलूप तुटल्याचा आवाज ऐकला साडेतीनला.”

“तो काय म्हणतो?”

“ऐकून हसाल. म्हणतो, खाणीत पोहत होतो. बाजारचा दिवस, धंद्याची वेळ आणि हा पठ्ठ्या पोहत होता! बरं, पाहिलं कुणी? कुणीच नाही.”

लिहायला बसलेला हवालदार खरंच हसला. मी बोलायला पाहिजे होतं ते इथे. मी बोलले नाही.

जगदाळ्यांनी आवाज मऊ केला. “तुम्ही मनाला लावून घेऊ नका. चांगल्या मनाने केलंत, त्याने फसवलं. आता चार ओळी लिहून द्या की देखरेखीच्या काळात याची वागणूक संशयास्पद होती. कोर्ट हमी रद्द करेल, तुमच्यावर ठपका येणार नाही. बाकीचं मी बघतो.”

त्यांनी कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. या चार ओळी मला नव्याने लिहाव्यासुद्धा लागणार नव्हत्या. माझ्याच अक्षरात त्या रजिस्टरमध्ये तयार होत्या, तारखांसकट.

“आधी मला त्याला भेटू द्या,” मी म्हटलं.

मच्छिंद्र कोठडीत भिंतीला टेकून बसला होता. मला बघून उठला. उजवा गाल सुजलेला होता.

“बाई, माज्यापायी तुमचा कागुद खराब झाला,” तो म्हणाला. कागद म्हणजे माझा अहवाल.

त्याच्या गालाचं विचारायचं सोडून मी भलतंच विचारलं. “तुमच्या हातात घड्याळ असतं. मग सगळ्यांना वेळ का विचारता?”

त्याला नवल वाटलेलं दिसलं. “इचारलं की मानूस ध्यानात ठेवतंय बाई. पैल्यांदा सुटून आलो, तवा चार डाव उचललं मला. चार डाव म्या केलं नव्हतं. सायब म्हनायचे, मंगळवारी साडेधाला कुठं हुतास? कुनाला आठवतंय वो? सायकल तेवडी म्या केली, ती कबूल. ह्या खेपेला सुटलो आनि ठरवलं, कवाबी इचारलं तरी आपल्याला कुनीतरी बगितलेलं पायजे. कंट्रोलरसायेब वराडत्यात, त्ये लई बरं. वराडलेला मानूस इसरत न्हाय.”

“आणि बुधवार?”

त्याने गज हातात धरला.

“बुधवारी जीव कोंडतो,” तो म्हणाला. “आत हुतो तवा आंघुळ शिट्टीवर. सा मग पानी, आनि वर शिपाई हुबा. भाइर आलो तर शिपायाच्या जागी आक्खं गाव हुबं. शिवाय बुधवारी बाजार. त्या गर्दीत कोन कुनाला बगतंय? सारकं तोंड दावत फिराया लागतंय. मंग म्या खाणीवर जातो. तितं कुनी नसतंय. तेवडा वकुत म्या कुनाला दावाया जगत न्हाय.” सुजलेला गाल त्याने हाताने दाबला. “ठावं हुतं मला. घावलो तर त्यातच घावनार. तरी जात ऱ्हायलो.”

“सुभद्राबाईंना का नाही सांगितलंत? खोटं का बोललात?”

“खरं सांगितलं आस्तं तर ती काठावर येऊन बसली आस्ती बाई. साक्षीला.”

मला तिथे उभं राहवेना. पुष्कळ वर्षांत इतकी लाज मला वाटली नव्हती, आणि नंतरही वाटली नाही. दहा महिने त्याने गावाला तोंड दाखवून दाखवून आठवड्याचा दीड तास स्वतःसाठी मिळवला होता, आणि मी छत्री घेऊन नेमकी तिथेच जाऊन बसले होते.

मी बाहेर आले आणि कोरा कागद जगदाळ्यांकडे परत सरकवला.

“काल तीन वाजून दहा मिनिटांनी तो खाणीत उतरला आणि चार वाजेपर्यंत पाण्यात होता. मी पाहिलंय.”

“तुम्ही?” जगदाळ्यांनी चष्मा काढला. “तुम्ही तिथे काय करत होतात?”

“त्याच्या मागे गेले होते.”

“आणि त्याला माहीत नाही?”

“नाही. मी झुडपात होते.”

हवालदाराचं पेन थांबलं. जगदाळ्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग खाली झुकून हळू म्हणाले, “मॅडम, जरा विचार करा. हा जबाब कोर्टात वाचला जाईल. ज्यांच्या घरी चोरी झाली ते वकील आहेत, गावभर करतील. एक अविवाहित बाई, झुडपात लपून, पुरुषमाणूस आंघोळ करताना...”

“माझं लग्न झालेलं नाही हे मला ठाऊक आहे,” मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. “लिहायला सांगा त्यांना.”

हवालदाराने लिहायला घेतलं. तो प्रत्येक वाक्य लिहून झालं की मोठ्याने वाचत होता, जबाब घ्यायची तशी पद्धतच होती. घाणेरीच्या झुडपात लपून बसले होते, लिहिलं, वाचलं. अंतर अंदाजे चाळीस फूट, लिहिलं, वाचलं.

“अंगावर काय होतं त्याच्या?” जगदाळ्यांनी विचारलं.

“अर्धी चड्डी.”

“रंग?”

“निळी. पांढऱ्या पट्ट्यांची.”

हवालदार ते वाचत असताना त्याचे खांदे हलत होते. दारातले दोन शिपाई बाहेर निघून गेले आणि बाहेर जाऊन हसले. मला त्यांचं काही वाटलं नाही. भिंतीपलीकडे पंधरा पावलांवर मच्छिंद्र हे सगळं ऐकत होता आणि तिकडून जराही आवाज येत नव्हता, याचं वाटत होतं.

हवालदाराने कोठडीशी जाऊन त्याला चड्डीचा रंग, कपडे कुठे ठेवले होते, वर दगड होता का, सगळं विचारलं. सगळं जुळलं. मी सही केली.

“पाळत ठेवणं आमचं काम,” जगदाळे म्हणाले. ते चिडलेले नव्हते, उलट त्यांना थोडा आदर वाटत असावा. “पण तुम्ही आमच्यापेक्षा बरं केलंत.”

त्याहून लागेल असं काही त्यांना सुचलं नसतं.

बोलावू तेव्हा हजर राहायचं या अटीवर बारा वाजता मच्छिंद्रला सोडलं. आम्ही दोघं रस्त्याने निघालो. एरवी तो माझ्या बरोबरीने, दोन हात अंतर राखून चालायचा. आज मागे राहिला होता. ऊन मी म्हणत होतं आणि मला छत्री उघडायचं धैर्य होत नव्हतं. मी त्याला म्हणणार होते की माझं चुकलं. ते वाक्य मी तीन-चार वेळा मनात जुळवलं. स्टँडकडे रस्ता वळतो तिथे तो थांबला.

“बाई.”

“बोला.”

“तुमी दिसला न्हाईत मला.”

“डाव्या अंगाला होते. घाणेरी दाट आहे तिथे.”

त्याने मान हलवली. काठ, झुडपं, मी, सगळं तो मनातल्या मनात जागच्या जागी ठेवून बघत होता. मग त्याने मला विचारलं, “किती बुधवार आलावता?”

जगदाळ्यांनी एवढंच विचारलं नव्हतं. त्यांना फक्त कालच्याशी मतलब होता. मच्छिंद्र माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होता. मी दर महिन्याला त्याच्याकडे बघायची ना, उत्तर द्यायला वेळ किती लागतो ते मोजत, अगदी तसा. म्हणून मी तेवढाही वेळ घेतला नाही.

“एकच. कालचा.”

“खरं?”

“खरं.”

तो मनात बुधवार मोजत असावा. ओठ पुटपुटल्यासारखे हलत होते. मग त्याचा चेहरा हळूहळू सैल पडला.

“मंग बाकीचे माजे हाईत,” तो म्हणाला.

“तुमचेच आहेत.”

त्याने हात जोडले आणि तो स्टँडकडे वळला. मी ऑफिसात जाऊन पहिल्या दोन बुधवारांच्या नोंदींवर अक्षर दिसणार नाही इतकी गिचमिड केली. सरकारी रजिस्टरात मी केलेली तेवढी एकच खाडाखोड.

निकमांच्या घरचा चोर पुढे महिन्याभराने दुसऱ्याच तालुक्यात सापडला. माझ्या जबाबाची गावात व्हायची तेवढी चर्चा झाली. वर्षभर बाजारात बायका मला बघून पदर तोंडाला लावायच्या. मच्छिंद्रची हमी पंचाण्णवच्या जूनमध्ये सुरळीत पुरी झाली. उरलेल्या महिन्यांत बुधवारी दुपारी तो कुठे असतो, हे मी त्याला पुन्हा विचारलं नाही आणि बघायलाही गेले नाही. माझ्या स्वभावाला ते किती जड गेलं ते माझं मलाच ठाऊक. पण त्या वळणावर ज्या बुधवारांना तो ‘माजे’ म्हणाला, त्यातले दोन मी आधीच घेतलेले होते. ते त्याला कधी कळलं नाही.